तापाची गोळी पोटात गेल्यावर



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी भाची तेव्हा दीड वर्षाची होती, वजन दहा किलो. तिला ताप आला. भाभी नोकरीवर गेलेली, घरी अम्मी एकटी. तापाच्या सिरपची जुनी बाटली संपली होती, म्हणून भाईजाननी औषधाच्या दुकानात ‘बाळाच्या तापाचे औषध’ मागितले, बाटली अम्मीच्या हातात दिली आणि ते कामाला निघून गेले. अम्मीने दुपारी नेहमीचा चमचा भरून पाजला. ताप उतरला. संध्याकाळी अंग पुन्हा तापले. मी शाळेतून परस्पर तिकडे गेले, तेव्हा अम्मी दुसरा चमचा भरत होती.

बाटली मला नेहमीपेक्षा लहान वाटली, म्हणून हातात घेऊन वाचली. ते सिरप नव्हते, ड्रॉप्स होते. घरी आधी जे सिरप होते त्याच्या ५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे एका चमच्यात, १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. या ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम होते. चमचा तोच, पण आत औषध ५०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या एका गोळीत असते तेवढे! दहा किलोच्या मुलीला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरते.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले : किती दिले, किती वाजता दिले, वजन किती? मग मुलीला घेऊन या म्हणाले. एकाच चमच्यावर थांबलो होतो म्हणून, अल्लाहच्या कृपेने, काही झाले नाही. पण डॉक्टर म्हणाले, “दर सहा तासांनी असेच चालू राहिले असते तर मला हिला मोठ्या दवाखान्यात पाठवावे लागले असते.”

घरी आल्यावर अम्मीने विचारले, “अगं, औषध तेच ना? नाव तेच, ताप तर उतरला. मग एवढं काय बिघडलं?”

अम्मी उर्दू उत्तम वाचते. बाटलीवर सगळे इंग्रजीत होते, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत. तेव्हा चूक तिची नव्हती. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. जे औषध ताप उतरवते तेच जास्त झाले तर नुकसान कसे करते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका माणसाच्या आयुष्यातली उमेदीची वर्षे गेली आहेत. या महिन्याच्या सदरात त्याचीच ओळख करून देते.

आधी थोडे मागे जाऊ. १८८६ साली स्ट्रासबर्ग शहरात आर्नोल्ड काह्न आणि पॉल हेप हे दोन तरुण डॉक्टर आतड्यातल्या जंतांवर नॅफ्थलीन देऊन पाहत होते. नॅफ्थलीन म्हणजे आपण कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्या. असे सांगतात की, औषधाच्या दुकानातून चुकून दुसरीच पांढरी पूड आली. जंत काही गेले नाहीत, पण रुग्णाचा ताप मात्र उतरला. ती पूड होती ॲसिटॅनिलाइड, रंगांच्या कारखान्यात वापरला जाणारा एक पदार्थ. लगेच ते ‘अँटिफेब्रिन’ या नावाने तापावर आणि दुखण्यावर विकले जाऊ लागले. स्वस्त होते, गुणकारी होते. पण घेणाऱ्यांपैकी काहींचे ओठ आणि नखे निळी पडू लागली. दुसऱ्याच वर्षी त्याचा चुलतभाऊ शोभावा असा फेनासेटिन हा पदार्थ बाजारात आला. तो काहीसा सौम्य निघाला आणि पुढे कित्येक दशके घरोघरी खपला.

गंमत अशी की, आज आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो तो पदार्थ ही दोन्ही औषधे बाजारात येण्याआधीच तयार झाला होता. १८७८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हार्मन मोर्स यांनी तो बनवला होता. १८९३ मध्ये योझेफ फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरांनी तो रुग्णांना देऊनही पाहिला. पण यानेही रक्त बिघडते असा त्यांचा समज झाला आणि पॅरासिटामॉल पुढची पन्नासेक वर्षे मागे पडले. त्यांच्या नमुन्यात दुसऱ्या रसायनाची भेसळ राहून गेली असावी, असे आता मानले जाते. औषध बनवणे हे अर्धेच काम असते. ते शुद्ध आहे की नाही आणि पोटात गेल्यावर त्याचे काय होते, हे तपासणे हे उरलेले अर्धे काम. ते करायला पन्नास वर्षांनी जो माणूस आला, तो डॉक्टर नव्हता, डॉक्टरेटही त्याच्याकडे नव्हती.

ज्युलियस ॲक्सेलरॉड यांचा जन्म १९१२ साली न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत झाला. आईवडील पोलंडकडून आलेले ज्यू स्थलांतरित. वडील टोपल्या विणून किराणा दुकानदारांना आणि फुलवाल्यांना विकायचे. मुलाचे खरे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात. पुढे फी न घेणारे सिटी कॉलेज होते म्हणून १९३३ मध्ये पदवी मिळाली. डॉक्टर व्हायची मनापासून इच्छा होती. अर्ज केले, पण कुठेच प्रवेश मिळाला नाही. त्या काळात अमेरिकेतली अनेक वैद्यकीय महाविद्यालये ज्यू विद्यार्थ्यांना मोजक्याच जागा देत. शिवाय ते मंदीचे दिवस होते. शेवटी एका प्रयोगशाळेत महिना २५ डॉलरवर मदतनिसाची नोकरी धरली.

दोन वर्षांनी ते शहराच्या आरोग्य खात्याने उभारलेल्या एका लहान प्रयोगशाळेत गेले. तिथे काम एकच : खाद्यपदार्थांत मिसळलेली जीवनसत्त्वे खरोखर किती आहेत हे मोजायचे. आज मोजायचे, उद्या मोजायचे, परवाही तेच. तिथेच अमोनियाची बाटली फुटून त्यांचा डावा डोळा गेला. नोकरी सांभाळून, रात्रीच्या वर्गांना जाऊन, १९४१ साली त्यांनी एम.ए.ची पदवी मिळवली. तरीही जन्मभर मोजमापच करत राहू, असेच त्यांना वाटत होते. पण त्या कंटाळवाण्या कामाने त्यांना एक कौशल्य दिले होते. एखादा पदार्थ कशातही मिसळलेला असो, तो नेमका हुडकून काढायचा आणि मोजायचा, त्यासाठी पद्धत जमत नसेल तर तिच्यात बदल करायचा, हे त्यांच्या हाताला अगदी सवयीचे झाले होते.

१९४६ साली त्या प्रयोगशाळेकडे एक प्रश्न आला. ॲसिटॅनिलाइड असलेल्या दुखण्याच्या गोळ्या वारंवार घेणाऱ्यांचे रक्त बिघडते, ते का? वरिष्ठांनी ॲक्सेलरॉडना सल्ला दिला, बर्नार्ड ब्रॉडींना जाऊन भेट. ब्रॉडी मूळचे सेंद्रिय रसायनशास्त्राचे अभ्यासक. गोल्डवॉटर रुग्णालयात ते औषधांवर काम करत होते, आणि महायुद्धाच्या काळात मलेरियाच्या औषधाचे रक्तातले प्रमाण मोजण्याचे मोठे काम त्यांनी केले होते. फेब्रुवारी महिन्यात दोघे भेटले. ॲक्सेलरॉड तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. या एका भेटीने आपले आयुष्य बदलले, असे ते पुढे सांगत.

त्या दिवशी त्यांनी काय केले, ते दहावीच्या मुलालाही कळेल इतके सरळ आहे. त्यांनी ॲसिटॅनिलाइडची रचना मांडली आणि स्वतःला विचारले, हा रेणू शरीरात गेल्यावर कशात बदलत असेल? ॲसिटॅनिलाइड म्हणजे सहा कार्बनचे एक कडे. त्याच्या एका टोकाला नायट्रोजन, आणि त्या नायट्रोजनवर ‘ॲसिटिल’ नावाची एक टोपी. शरीराने ती टोपी काढली तर उरते ॲनिलिन. ॲनिलिन विषारी आहे हे रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हालांवरून जगाला आधीच माहीत होते. त्याच्यामुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे लोह अशा रूपात जाते की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. अशा बिघडलेल्या हिमोग्लोबिनला मेथेमोग्लोबिन म्हणतात. ओठ निळे पडतात ते याच्यामुळे.

अंदाज बांधणे सोपे होते, तो सिद्ध करणे कठीण. रक्तात ॲनिलिन असलेच तर ते अगदी किंचित असणार. इथे ॲक्सेलरॉडची अकरा वर्षांची मोजमापाची सवय कामी आली. त्यांनी ते किंचित ॲनिलिनही सापडेल अशी पद्धत बसवली. गोळी घेतलेल्या माणसांच्या रक्तात आणि लघवीत ॲनिलिन सापडले. रक्तातले ॲनिलिन जसे वाढे तसे मेथेमोग्लोबिनही वाढे. निळ्या ओठांचा गुन्हेगार हाती लागला.

एखादा तिथेच थांबला असता. पण या दोघांनी हिशेब मांडला तेव्हा तो जुळेना. पोटात गेलेल्या औषधाचा अगदी थोडा भागच ॲनिलिन होत होता. मग बाकीचे कुठे जाते? माग काढला तेव्हा कळले की, शरीर बहुतेक ॲसिटॅनिलाइडची टोपी काढतच नाही. ते कड्याच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी चिकटवते. असे केल्यावर जो पदार्थ तयार होतो तो म्हणजे मोर्स यांनी बनवलेला, मेरिंग यांनी बाजूला टाकलेला पॅरासिटामॉल! त्यांनी तोच पदार्थ वेगळा देऊन पाहिला. दुखणे तितकेच थांबले, आणि रक्त बिघडले नाही.

हे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. लोक साठ वर्षे एक गोळी घेत होते. त्यांचे दुखणे थांबत होते ते मुख्यतः शरीर त्या गोळीचे पॅरासिटामॉल बनवत होते म्हणून, आणि त्रास होत होता तो तिच्यापासून थोडे ॲनिलिनही बनत होते म्हणून. मग सरळ पॅरासिटामॉलच का देऊ नये? पुढे फेनासेटिनचेही शरीरात मुख्यतः पॅरासिटामॉलच होते, हे याच दोघांनी दाखवले. १९५५ साली अमेरिकेत आणि १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉल औषध म्हणून बाजारात आले. फेनासेटिन दीर्घकाळ घेणाऱ्यांची मूत्रपिंडे खराब होतात असे दिसून आल्यावर अमेरिकेने १९८३ मध्ये ते बाजारातून काढून टाकले.

ॲक्सेलरॉड नंतर वॉशिंग्टनजवळच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत गेले. औषधांची मोडतोड करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, यकृताच्या पेशींत नेमकी कुठे असतात हे त्यांनी तिथे शोधून काढले. आज कोणतेही नवे औषध माणसाला देण्याआधी ‘यकृत याचे काय करते’ हे तपासले जाते. त्या तपासणीच्या पायात त्यांचेही काम आहे. एवढे होऊनही पदवी नव्हती म्हणून बढती अडली होती. अखेर १९५५ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी पीएच.डी. केली. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप कसा देतात आणि तो पदार्थ परत कसा गोळा करतात, या संशोधनासाठी १९७० साली त्यांना दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. २००४ मध्ये, बाणव्या वर्षी, ते वारले.

‘मेडिकलला नंबर लागला नाही’ म्हणून मान खाली घालून बसलेली मुले-मुली मला दरवर्षी भेटतात. त्यांचे आईवडीलही तसेच बसलेले असतात. त्यांना मी ही गोष्ट सांगते. नोबेलसाठी नाही, तर त्या अकरा वर्षांसाठी. जे काम हलके वाटत होते तेच पुढे उपयोगी पडले.

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येऊ. पॅरासिटामॉल जर इतके चांगले निघाले, तर जास्त झाले म्हणून काय बिघडते?

१९६६ साली एडिनबरा इथल्या डॉक्टरांनी कळवले की, एकदम खूप पॅरासिटामॉल घेतलेल्या रुग्णांचे यकृत नष्ट झाले. कारण उलगडले १९७३ मध्ये, आणि ते उलगडणाऱ्या गटात पुन्हा ब्रॉडी होते. प्रश्नही तोच जुना होता : शरीर याचे काय करते? उत्तर असे. नेहमीच्या प्रमाणात घेतलेले बहुतेक पॅरासिटामॉल यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. थोड्या भागापासून मात्र एक विखारी पदार्थ तयार होतो. यकृतात ग्लुटाथायोन नावाचा एक रक्षक पदार्थ असतो, तो या विखाराला लगेच धरून निकामी करतो. म्हणूनच योग्य मात्रेत हे औषध आपल्याला बाधत नाही.

पण ग्लुटाथायोनचा साठा ठरावीक असतो. दहा पाहुण्यांच्या अंदाजाने बिर्याणी चढवावी आणि पन्नास दारात यावेत, तसे होते. साठा संपला की उरलेला विखार यकृताच्या पेशींवरच तुटून पडतो. सर्वांत फसवी गोष्ट ही की, पहिल्या दिवशी फारसे काही दिसत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी, किंवा तेवढेही नाही. यकृताचा त्रास वर येतो तो एक-दोन दिवसांनी. यावर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. तो ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतो. पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून ‘मूल तर खेळते आहे, बघू सकाळी’ हे इथे चालत नाही.

घरात काय पाळायचे, ते थोडक्यात सांगते.

लहान मुलांची मात्रा वयावर किंवा चमच्यावर नाही, वजनावर ठरते. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. नेमकी मात्रा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

एकाच नावाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये कधी १२५, तर कधी २५० मिलिग्रॅम असते. ड्रॉप्स त्याहून कितीतरी तीव्र असतात. बाटली बदलली की आकडा पुन्हा वाचा. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. बाटलीबरोबर मिळणारे माप किंवा ड्रॉपर वापरा, आणि एका बाटलीचे माप दुसरीला लावू नका.

मोठ्यांसाठी चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही शेवटची मर्यादा आहे. रोज तिथपर्यंत जायचे असा तिचा अर्थ नाही. वजन कमी असलेले वृद्ध, यकृताचे रुग्ण, आजारपणात कित्येक दिवस नीट न जेवलेली माणसे, रोज दारू घेणारे, यांची मर्यादा त्याहून कमी असते. ती डॉक्टरांनाच विचारावी.

आणि सर्वांत जास्त चूक होते ती इथे. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, कंबरदुखीची वेगळी असे आपण समजतो. पाकीट उलटून पाहा. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांच्या जोडगोळ्यांतही ते असते. अब्बांनी सकाळी सांधेदुखीची गोळी घेतली, दुपारी सर्दीची आणि रात्री तापाची, तर तीन नावांनी त्यांनी एकच औषध घेतलेले असते.

भाईजानच्या घरी आता औषधांच्या डब्यात एक वही आहे. औषध दिले की वेळ आणि माप तिच्यात लिहायचे. प्रत्येक बाटलीवर मी कागदाची पट्टी चिकटवली आहे. त्यावर उर्दूत आणि मराठीत मुलीचे वजन, एका वेळचे माप आणि दोन वेळांमधले अंतर लिहिले आहे. वजन वाढले की पट्टी बदलायची. मागच्या आठवड्यात भाईजान नवी बाटली घेऊन आले. अम्मीने ती उघडण्याआधी माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. मी गेले तेव्हा चष्मा पुढे सरकवत म्हणाली, “आधी वाचून सांग, एका मिलिलिटरला किती?”